प्रभागातल्या कामाचा हिशेब: ठराव, एस्टिमेट आणि मोजपट्टी

दिवाळी उलटली की आमच्या शहरात हॉटमिक्सचे, म्हणजे गरम डांबरी खडीचे, ट्रक फिरू लागतात. मे महिना अर्ध्यावर आला की गटारे खणायची घाई सुरू होते. या सहासात महिन्यांत पालिका आपल्या दारासमोर जो पैसा खर्च करते, त्याचा निर्णय आपल्याला दिसतो तेव्हा रोलर रस्त्यावर उभा असतो. खरा निर्णय त्याआधीच कागदावर झालेला असतो.

मी इंजिनियर नाही. गोव्यातल्या एका लहान शहरात माझे कापडाचे दुकान आहे आणि गेली आठ वर्षे मी माझ्या प्रभागातल्या कामांचे कागद मागून वाचतो. दिवसभर मोजपट्टी हातात असते, म्हणून सुरुवात मोजण्यापासून झाली. पुढे कळले की बैठकीत आवाज चढवून जे होत नाही ते एस्टिमेटच्या, म्हणजे कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाच्या, एका ओळीवर बोट ठेवल्याने होते. ते बोट कुठे आणि कधी ठेवायचे, हे खाली क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: काम कोणाचे ते ठरवा

यात चूक झाली तर पुढचे तीन महिने वाया जातात. गोव्यात १३ नगरपालिका आणि पणजीची एक महानगरपालिका आहे. नगरपालिका १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याने चालतात, पणजीला २००२ चा वेगळा कायदा आहे. शहरापासून दोन किलोमीटरवर राहत असाल तर बहुतेक वेळा तुम्ही १९१ पंचायतींपैकी एकीत असता आणि तिथले नियम निराळे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात शहरी संस्थांसाठी १८ विषय दिले. रस्ते, पूल, पाणीपुरवठा, कचरा हे सगळे त्यात आहे. कोणते विषय प्रत्यक्ष सोपवायचे हे मात्र राज्याच्या हातात राहिले. गोव्यात नळाचे पाणी आणि वीज ही राज्याच्या खात्यांची कामे आहेत, मलनिस्सारणाच्या वाहिन्याही राज्याच्याच यंत्रणा टाकतात. शहरातून जाणारा मोठा रस्ता बहुधा साबांखाचा, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो. मार्केट संकुलासारखी मोठी बांधकामे अनेकदा राज्याच्या विकास महामंडळामार्फत किंवा नागरी विकास एजन्सीमार्फत होतात. पालिकेकडे उरतात ते आतले रस्ते, त्यांच्या कडेची गटारे, पदपथ, बाजार, उद्याने, कचरा उचलणे आणि परवाने.

पणजीकरांनी हे फार जवळून पाहिले. २०१६ मध्ये पणजीची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि कामांसाठी वेगळी कंपनी उभी राहिली. पुढे रस्ते खणले गेले, धूळ उडाली, तेव्हा लोक जाब विचारायला महापालिकेत जात होते, पण कंत्राटे त्या कंपनीची आणि वाहिन्यांची कामे दुसऱ्या यंत्रणांची होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये गोवा खंडपीठाच्या न्यायाधीशांनी स्वतः रस्त्यावर उतरून कामांची पाहणी केली. कोणाला विचारायचे हे ठाऊक असणे किती मोलाचे आहे, ते यावरून समजावे.

काम कोणाचे हे शोधायचे दोन सोपे मार्ग आहेत. जागेवरचा कामाचा फलक वाचा. फलक नसेल तर पालिकेच्या तांत्रिक विभागातल्या ज्युनियर इंजिनियरला विचारा, 'हा रस्ता पालिकेच्या नोंदवहीत आहे का?' तो नाही म्हणाला तर तेवढीच गोष्ट लेखी मागा. एका ओळीचे ते उत्तर पुढच्या कार्यालयात दाखवता येते.

दुसरी पायरी: पैसा कोणत्या खात्यातला?

'पालिकेकडे पैसा नाही' आणि 'पालिकेकडे कोट्यवधी पडून आहेत' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. पालिकेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यापार परवाने, बांधकाम परवाने, जाहिरात फलक, पालिकेच्या दुकानांचे भाडे आणि बाजारातला सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून घेतले जाणारे बसण्याचे शुल्क. यातला बराच भाग पगारात आणि कचऱ्यात जातो. मोठी कामे होतात ती अनुदानातून.

अनुदानाला बहुतेक वेळा अट असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात आपल्यासारख्या छोट्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधील ठेवला होता, ४० टक्केच मोकळा होता. त्या ६० टक्क्यांतून पालिकेला तुमच्या गल्लीत पेव्हर (फरसबंदीच्या काँक्रीटच्या विटा) बसवता येत नाहीत. म्हणून नगरसेवकाला 'पैसे आहेत का' असे विचारू नका. 'हे काम कोणत्या बजेट हेडखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या सदराखाली घेतले आहे?' असे विचारा.

अर्थसंकल्प मार्चअखेरपूर्वी पालिका मंडळापुढे येतो. तो वाचताना येत्या वर्षाचा आकडा सोडून मागच्या वर्षाचे तीन रकाने पाहा: मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. एखाद्या हेडखाली दर वर्षी मोठी रक्कम दाखवली जात असेल आणि प्रत्यक्ष खर्च नाममात्र होत असेल, तर ते काम पुढच्या वर्षीही होणार नाही असे धरून चाला. घरपट्टीची आणि दुकानभाड्याची थकबाकीही तिथेच दिसते. घरपट्टी वाढवायचा ठराव येतो तेव्हा पहिला प्रश्न त्या थकबाकीचा असायला हवा.

तिसरी पायरी: विषयपत्रिका मिळवा

पंचायतीतल्या माणसाकडे ग्रामसभा आहे. १९९४ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी ती भरते आणि साधा मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारतो. शहरात राहणाऱ्याकडे ही सोय नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली, त्यातली बरीच मंडळी अजून पंचायतींत राहतात. त्यांनी ग्रामसभा चुकवू नये. नगरपालिकेच्या हद्दीतल्या आपल्यासाठी मात्र दार एकच उरते, पालिका मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका.

बैठकीची नोटीस नगरसेवकांना जाते तेव्हाच तिची प्रत पालिकेच्या सूचना फलकावर लागायला हवी. फलकावर नसेल तर नगरसेवकाकडून फोटो मागवून घ्या, निवडून दिलेला माणूस एवढे सहसा नाकारत नाही. बैठकीला प्रेक्षक म्हणून बसायचे असेल तर आदल्या दिवसापर्यंत मुख्याधिकाऱ्यांना दोन ओळींचे पत्र देऊन पोच घ्या.

विषयपत्रिकेत तीन ठिकाणी थांबा. पहिले, 'कार्योत्तर मंजुरी'. याचा अर्थ काम झाले, आता ठराव. दरड कोसळली, नाला तुंबला अशा आणीबाणीत ती समजू शकते, पण पदपथाच्या सुशोभीकरणाला कार्योत्तर मंजुरी लागावी असे कोणते संकट येते, हे विचारायलाच हवे. दुसरे, शेवटची ओळ: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. मी पाहिलेले सर्वांत महागडे दोन ठराव याच ओळीतून आले होते. एस्टिमेट आधी कोणी वाचलेले नसते, बैठकीत पाच मिनिटे चर्चा होते आणि विषय संमत. तुमच्या नगरसेवकाला एवढेच सांगा की खर्चाचा विषय ऐनवेळी आला तर तो पुढच्या बैठकीत घ्यावा असे त्याने म्हणावे आणि ते म्हणणे इतिवृत्तात नोंदवायला लावावे. तिसरे, मागच्या बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. हा विषय एका मिनिटात उरकतात. बैठकीत बोलले गेलेले आणि इतिवृत्तात लिहिले गेलेले यांत फरक असेल तर तो दुरुस्त करायची वेळ हीच असते.

ठराव झाला म्हणजे काम मंजूर झाले असे नाही. त्यानंतर तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता आणि खर्चाला मंजुरी, मग निविदा, मग वर्क ऑर्डर, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश. रक्कम मोठी असेल तर फाईल पणजीला नगरविकास संचालनालयात जाते. या प्रवासात काही महिने जातात आणि आपल्याला एस्टिमेट वाचायला वेळ मिळतो तो याच काळात.

चौथी पायरी: एस्टिमेट वाचणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एस्टिमेट हा दहावीचे गणित येणाऱ्या कोणालाही कळणारा कागद आहे. त्यात प्रत्येक कामाची एक ओळ असते: कामाचे वर्णन, लांबी, रुंदी, जाडी, एकूण परिमाण, दर, रक्कम. दर बहुधा गोवा शेड्यूल ऑफ रेट्स, म्हणजे जीएसआरमधून घेतलेले असतात. तिथे नसलेल्या बाबीला बाजारातली दरपत्रके जोडून 'रेट अ‍ॅनालिसिस' करतात. सजावटीचे दिवे, बाक, खेळणी, व्यायामाची यंत्रे अशा वस्तू या दुसऱ्या गटात येतात. दरपत्रके कोणी दिली आणि ती खरोखर वेगवेगळ्या विक्रेत्यांची आहेत का, हे इथे तपासावे.

आता एक रस्ता घेऊ. गल्ली १८० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, वर ३० मिलिमीटर जाडीचा हॉटमिक्सचा थर. क्षेत्रफळ झाले ६३० चौरस मीटर. त्याला ०.०३ ने गुणले की १८.९ घनमीटर. दाबून बसलेल्या हॉटमिक्सचे वजन घनमीटरला ढोबळमानाने २.३ टन धरा, म्हणजे साधारण साडेत्रेचाळीस टन माल. दहा टनांच्या ट्रकने चार खेपा पूर्ण आणि पाचवी साधारण एक तृतीयांश. हे गणित मोबाईलवर करून ठेवा, काम सुरू झाले की उपयोगी पडते. तोच थर २० मिलिमीटरचा टाकला तर लागतील २९ टन, म्हणजे तीन खेपा. रस्ता त्या दिवशी तेवढाच काळा आणि गुळगुळीत दिसेल. एक तृतीयांश माल आलाच नाही, हे पहिल्या पावसात कळेल.

गटाराचे गणितही असेच. आतली रुंदी ४५ सेंटीमीटर, खोली ६०, दोन्ही भिंती आणि तळ १५ सेंटीमीटर जाड, लांबी ६० मीटर असे गटार धरा. तळ ७५ सेंटीमीटर रुंद होतो. मीटरमागे तळाला ०.११२५ आणि दोन भिंतींना ०.१८ घनमीटर काँक्रीट लागते, एकूण ०.२९२५. साठ मीटरला साडेसतरा घनमीटर. भिंत आणि तळ १० सेंटीमीटरचे केले तर एकूण अकरा घनमीटरच होते. एक तृतीयांशाहून जास्त फरक, आणि वर झाकण बसले की तो दिसत नाही.

रकमेच्या तळाशी दोन ओळी असतात त्या नीट पाहा. सरकारी आणि पालिकेच्या कंत्राटी कामांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याशिवाय बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर असतो. दहा लाखांचे काम जीएसटीसह ११ लाख ८० हजारांचे होते. ठरावात जीएसटीसह आकडा, निविदेत जीएसटी सोडून, असे झाले की कंत्राट स्वस्तात गेल्याचा भास होतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पायावर आणा.

वाचताना आणखी एक खूण पाहा: शेजारच्या तीन गल्ल्यांची तीन वेगळी एस्टिमेट एकाच महिन्यात आणि तिन्हींची रक्कम एखाद्या मर्यादेच्या किंचित खाली. मोठ्या कामाचे तुकडे करून वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळणे सरकारी वित्तीय नियमांत बसत नाही. असे दिसले तर तिन्ही प्रती एकत्र जोडून मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या.

आणि जे एस्टिमेटमध्ये नाही ते शोधा. गटाराचे पाणी शेवटी कुठे जाते? माझ्या मते एस्टिमेटमधली सगळ्यात महागडी चूक ही असते. साठ मीटर देखणे गटार बांधले आणि पुढे व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, जोडलेच नाही, तर पाणी खालच्या घरात शिरते. खाडीकाठच्या शहरांत तर भरतीच्या वेळी तोंडाशी पाणी उलटे दाबते. एका हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के वाहून आला तरी सेकंदाला ११० लिटरच्या वर पाणी होते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ५० मिलिमीटरचा तास आपण दर जूनमध्ये पाहतो. तेव्हा उताराची आणि तोंडाची तरतूद आहे का, हे ठरावाआधी विचारा. देखभालीचेही तसेच. उद्यान, शौचालय, कारंजे यांच्या एस्टिमेटमध्ये बांधायचा खर्च असतो. वीजबिल, पाणी, रखवालदार यांचा खर्च दर वर्षी पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी आणि सोपोतून जातो. पाच वर्षांचा देखभाल खर्च लेखी मागितला की अनेक योजनांचा आकार आपोआप आटोक्यात येतो.

पाचवी पायरी: निविदा

इथे नागरिकाला करण्यासारखे थोडे आहे. निविदा राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर दिसते. किती जणांनी भरली, कोणाची सर्वांत कमी, अंदाजापेक्षा किती टक्के वर किंवा खाली, एवढे टिपून ठेवा. एकच निविदा येऊन ती मंजूर झाली असेल तर फेरनिविदा का काढली नाही ते विचारा. पंचवीस-तीस टक्के खाली गेलेले काम दिसले तर आनंद मानू नका. जागेवर जास्त वेळ उभे राहायची तयारी ठेवा.

सहावी पायरी: काम चालू असताना

सोबत मोजपट्टी, वर्क ऑर्डर आणि एस्टिमेटची प्रत, तारीख दाखवणारा मोबाईल कॅमेरा. एकटे जाऊ नका, गल्लीतली दोन माणसे घ्या. कामगारांशी वाद घालू नका, काम अडवू नका. तो आपला अधिकार नाही आणि त्याने आपलेच नुकसान होते. सुपरवायझरला नमस्कार करून सांगा की आम्ही इथले रहिवासी, माप घेतो आहोत.

आमच्या गल्लीत गटाराचे काम चालू होते तेव्हाची गोष्ट. एप्रिलचा शेवट, दुपारचे तीन. एका बाजूची शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळ्या, नुकतीच काढली होती, भिंत अजून ओलसर होती. मी पट्टी लावली तर वरच्या कडेला १५ सेंटीमीटर बरोबर. शेजारच्या आजी दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, 'बाबा, खाली लावून बघ, सकाळी फळी तिरकी होती.' खाली वाकून तळाजवळ मापले तर साडेदहा. सहा ठिकाणी मापे घेतली, प्रत्येक ठिकाणी पट्टी दिसेल असा फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र लिहिले. पत्रात आरोप एकही नव्हता. सहा मापे, सहा फोटो, एस्टिमेटमधल्या ओळीचा क्रमांक आणि 'बिल देण्यापूर्वी रहिवाशांसमक्ष संयुक्त पाहणी करावी' एवढी विनंती. चौथ्या दिवशी पाहणी झाली, तेवीस मीटर भिंत तोडून पुन्हा घातली. झाकणे बसल्यावर पत्र दिले असते तर कोणीच काही करू शकले नसते.

तेव्हा झाकली जाणारी कामे आधी मोजा: खोदाईची खोली, तळाचे काँक्रीट, सळ्यांमधले अंतर, पेव्हरखालची वाळू. पेव्हर बसवायच्या आधी एक हातात घेऊन जाडी मापा. पायवाटेला ६० मिलिमीटर चालतो, गाड्या जाणार असतील तिथे ८० लागतो. काँक्रीटचे ठोकळे चाचणीसाठी भरले का ते विचारा, त्यांची तपासणी ७ आणि २८ दिवसांनी होते. ओल्या काँक्रीटला पुढचे दिवस पाणी मारतात का, हे तर घरच्या माणसालाही दारातून दिसते.

हॉटमिक्सच्या दिवशी ट्रक मोजा. चालकाकडचे चलन पाहायला मागा, त्यावर वजन असते. थर टाकण्याआधी रस्ता झाडला का, टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून डांबराचा पातळ हात) मारला का, रोलर फिरताना माल गरम होता का, हे पाहा. पाऊस भुरभुरत असताना डांबर टाकू लागले तर फोटो काढून लगेच इंजिनियरला पाठवा.

सातवी पायरी: माहिती हक्काचा अर्ज

सगळे कागद मागून काही उपयोग नाही. नेमके मागा. २००५ च्या कायद्यात अर्जाचे कारण सांगावे लागत नाही. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान दिले. मी पत्रे मराठीत लिहितो, माहिती हक्काचा अर्ज मात्र इंग्रजीत देतो, कारण एस्टिमेट आणि एमबी (मोजमाप पुस्तक) इंग्रजीत असतात आणि बाबींची नावे जशीच्या तशी लिहिता येतात.

माझ्या अर्जाचा मजकूर साधारण असा असतो:

'प्रभाग क्रमांक अमुक, अमुक ठिकाणच्या गटाराच्या कामाबाबत, वर्क ऑर्डर क्रमांक व तारीख अमुक: मंजूर एस्टिमेटची प्रत, ठरावाची व इतिवृत्ताच्या संबंधित पानाची प्रत, वर्क ऑर्डर व कराराची प्रत, मोजमाप पुस्तकातील या कामाची सर्व पाने, आजवर अदा केलेल्या बिलांच्या प्रती, जादा बाबी मंजूर केल्या असल्यास त्यांची मंजुरी, चाचणी अहवाल, आणि दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेपर्यंत आहे ती नोंद.'

यातले मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी, सर्वांत महत्त्वाचे. इंजिनियरने जागेवर घेतलेली मापे त्यात लिहिलेली असतात आणि बिल त्यावरून बनते. तुमच्या फोटोतले माप आणि एमबीतले माप शेजारी ठेवा. फरक असेल तर तक्रार तिथेच तयार झाली. 'जादा बाबी' हा शब्दही विसरू नका. पंचवीस टक्के खाली घेतलेले काम शेवटी अंदाजाइतकेच बिल करते ते बहुधा या वाटेने.

याच कायद्यातल्या माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते. हे फार थोड्यांना ठाऊक असते. अर्जात 'मला कामाची पाहणी करायची आहे व साहित्याचा प्रमाणित नमुना हवा आहे' असे लिहिता येते.

विषय दुसऱ्या खात्याचा निघाला तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मुदतीत माहिती मिळाली नाही तर ती पुढे विनाशुल्क द्यावी लागते. तीस दिवस उलटले की पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा, अपिलीय अधिकाऱ्याचे नाव कार्यालयातल्या फलकावर असते. तिथेही समाधान झाले नाही तर नव्वद दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. माझ्या अनुभवात पहिल्या अपिलाची तारीख लागली की बहुतेक कागद मिळतात.

आठवी पायरी: तक्रार आणि नंतरची राखण

तक्रारीचा क्रम पाळा. आधी मुख्याधिकारी, पणजीत आयुक्त. पंधरा दिवस वाट पाहून नगरविकास संचालनालय. ठरावच कायद्याबाहेरचा वाटत असेल तर ठरावाची प्रत जोडून थेट संचालनालयाकडे जा. लोकसेवकाच्या गैरवर्तनाचा प्रश्न असेल तर गोवा लोकायुक्तांचे दार आहे, पण तिथे कागद पक्के झाल्यावरच जावे. प्रत्येक पत्राची पोच घ्या. पोचेशिवाय पत्र म्हणजे न दिलेले पत्र.

पत्र एका पानाचे असावे. वरती कामाचे नाव आणि वर्क ऑर्डर क्रमांक, मध्ये मापांचा तक्ता, शेवटी एकच मागणी. दहा मागण्या केल्या की सर्वांत सोपी पूर्ण होते आणि फाईल बंद होते. पत्रावर गल्लीतल्या माणसांच्या सह्या घ्या. एकट्याच्या सहीला उत्तर मिळेलच असे नाही, वीस घरांच्या सह्यांना नगरसेवकही सोबत येतो.

काम संपले की दोष दायित्व कालावधी सुरू होतो. त्या काळात रस्ता उखडला, झाकण फुटले, पेव्हर खचला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असते आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव पालिकेकडे असते. ही तारीख कोणी लक्षात ठेवत नाही. रस्ता उखडतो, लोक ओरडतात, पालिका नवे एस्टिमेट करते आणि त्याच खड्ड्यासाठी आपण दुसऱ्यांदा पैसे भरतो. म्हणून माझ्या दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रभागातल्या प्रत्येक कामाच्या मुदतीची तारीख लाल शाईने लिहिलेली असते.

पावसाळा उतरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी आम्ही पाचसहा जण गल्ल्यांतून फिरतो. जिथे डांबर सुटले, जिथे गटाराचे झाकण हलते, जिथे पाणी साचून शेवाळ धरले, तिथले फोटो काढून वर्क ऑर्डर क्रमांकासह यादी करतो आणि मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी मुख्याधिकाऱ्यांना देतो. पत्रात एक वाक्य ठरलेले असते: 'सदर दोष दूर होईपर्यंत कंत्राटदाराची सुरक्षा ठेव परत करू नये.' गेल्या खेपेला यादीत अकरा जागा होत्या. आठ दुरुस्त झाल्या, उरलेल्या तीन जागांचे स्मरणपत्र सोमवारी द्यायचे आहे.